विहिरीत हाडं सापडली, पुढे काय? स्वतंत्र सिनेमा करणाऱ्यांचे प्रश्न

या वेळी आलेली बरीच पत्रं एकाच जातीच्या पटकथेबद्दल आहेत. लहान गाव, मे महिना, विहिरीचा गाळ काढताना माणसाची हाडं वर येतात आणि सगळं गाव ढवळून निघतं. पैसा थोडा, कलाकार बरेचसे गावातलेच. म्हणून हा संपूर्ण स्तंभ त्याच विषयाला दिला आहे. तपासाची पद्धत, कलादिग्दर्शन, छायांकन आणि ध्वनी या प्रत्येक बाजूचं उत्तर त्या कामातल्या माणसांनी दिलं आहे.

प्रश्न : माझ्या पटकथेत हाडं सापडताच पोलीस निरीक्षक जीपमधून उतरतो, एकदा खाली वाकून बघतो आणि म्हणतो, "खून आहे." वाचणारे म्हणतात, खोटं वाटतं. नेमकं काय चुकतंय? (सांगोला)

वाचणारे बरोबर आहेत. पहिली गोष्ट, निरीक्षक सगळ्यांत आधी पोचत नाही. हाडं पाहतो तो खाली गाळात उभा असलेला मजूर. यारी (गाळ वर ओढणारं यंत्र) चालू असते, परडी भरत असते. तो यारी थांबवायला ओरडतो. वरचा माणूस ठेकेदाराला सांगतो, ठेकेदार विहिरीच्या मालकाला, मालक पोलीस पाटलाला. ठाण्याला वर्दी देणं हे पोलीस पाटलाचं काम आहे; महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम १९६७ पासून ते पद कायद्याने बांधलेलं आहे. या साखळीत प्रत्येक जण पुढच्याला काय सांगतो आणि काय गाळतो, हे तुमच्या पटकथेची पहिली दहा पानं सहज भरून काढेल. तुम्ही ती साखळीच कापून टाकली आहे.

ठाण्यातून आधी येतो तो बीट अंमलदार, बहुधा हवालदार, आणि त्याच्याबरोबर किंवा मागोमाग उपनिरीक्षक. नोंद होते ती 'अकस्मात मृत्यू' म्हणून. खुनाचा गुन्हा त्या क्षणी नोंदवायला हातात काहीच नसतं. हाडं माणसाचीच आहेत का, हेसुद्धा डॉक्टरने सांगायचं असतं.

कलमं लिहिताना गोष्टीचं साल पक्कं करा. १ जुलै २०२४ पासून अशी चौकशी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होते आणि अहवाल २४ तासांत जिल्हा किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे जायचा असतो. त्याआधी हेच काम फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली व्हायचं. इथे एक गुंता आहे आणि तो वापरण्यासारखा आहे. मृत्यू २०२३ मधला आणि हाडं सापडली मे २०२५ मध्ये, तर खुनाचं कलम जुन्या भारतीय दंड संहितेचं ३०२ लागेल, पण तपासाची रीत मात्र नव्या संहितेची. नव्या कायद्यातलं खुनाचं कलम १०३ आहे. ठाण्याचा कारकून ते कागदावर कसं लिहायचं म्हणून वरिष्ठाला विचारतो, एवढा एक संवाद पडद्यावरच्या पोलीस ठाण्याला खरं करून टाकतो.

हाडांवरून 'एका नजरेत' फारसं काही कळत नाही. ग्रामीण रुग्णालयातला वैद्यकीय अधिकारी सांगाडा बहुतेक वेळा वैद्यकीय महाविद्यालयाच्या न्यायवैद्यक विभागाकडे पाठवतो. तिथे कटीच्या हाडावरून आणि कवटीवरून स्त्री की पुरुष, मांडीच्या हाडाच्या लांबीवरून उंची, आणि हाडांची टोकं जुळली आहेत की नाहीत यावरून वय. पंचविशीच्या पुढे वयाचा अंदाज ढोबळच राहतो. ओळख पटवायला दात किंवा मांडीचं हाड डीएनएसाठी न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातं. मुख्य प्रयोगशाळा मुंबईत कालिन्याला आहे, प्रादेशिक प्रयोगशाळा पुणे, नागपूर, नाशिक अशा शहरांत आहेत. मृत्यूचं कारण मात्र नुसत्या हाडांवरून अनेकदा ठरतच नाही. कवटीला तडा असला, जिभेखालचं लहान हाड मोडलेलं मिळालं, तर दिशा मिळते. ते लहान हाड गाळात हरवणं सगळ्यांत सोपं, आणि गाळ तर मजुरांनी आधीच बांधावर नेऊन टाकलेला असतो. तो ढिगारा चाळायला कोण बसतं, हा तुमच्या दुसऱ्या दिवसाचा प्रसंग.

अहवालाची वाट पाहण्यात आठवडे, महिने जातात. गाव याच काळात एकमेकांकडे बघू लागतं. मधला सगळा सिनेमा या वाट पाहण्यात आहे. निरीक्षकाचं ते एक वाक्य काढा, सिनेमाला ४० मिनिटं मोकळी मिळतील.

प्रश्न : पंचनाम्याचा प्रसंग लिहिला, पण तो कंटाळवाणा होतोय. कापू का? (तुळजापूर)

कापू नका, उलट वाढवा. या प्रकारच्या कथेत यापेक्षा चांगला प्रसंग मिळणार नाही, कारण सगळं गाव एका जागी उभं असतं आणि दोन माणसांना सही करायची असते.

कंटाळा येतो तो पंचनामा 'चालू आहे' असं दुरून दाखवल्यामुळे. जवळ जा. हवालदार गावातल्या दोन प्रतिष्ठित माणसांना पंच म्हणून या म्हणतो. कोणीच पुढे येत नाही, कारण पंच झालं की पुढे कोर्टात साक्षीला जावं लागतं, वर्षं जातात आणि गावात वैर येतं ते वेगळंच. सरपंच म्हणतो, मला तालुक्याला मीटिंग आहे. किराणा दुकानदार म्हणतो, मला लिहिता-वाचता येत नाही, आणि त्याच्या खिशाला पेन असतं. शेवटी नोकरीत असलेल्यांना धरतात, कारण त्यांना सहज नाही म्हणता येत नाही: तलाठी, शिक्षक, ग्रामसेवक. (तलाठ्याचं सरकारी नाव २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी झालं आहे. शिक्क्यावर आणि पाटीवर ते लिहा, पात्रांच्या तोंडी तलाठीच ठेवा.)

मग लेखन सुरू होतं. सुरू केल्याची वेळ, संपल्याची वेळ, जागा कोणी दाखवली, विहिरीच्या चारही दिशांना काय आहे. "पूर्वेस अमक्याचा ऊस, पश्चिमेस गाडीवाट, दक्षिणेस पडीक, उत्तरेस तमक्याचं घर, अंतर अंदाजे ६० फूट." हे मोठ्याने वाचून दाखवलं जातं तेव्हा ज्याचं घर ६० फुटांवर आहे तो माणूस गर्दीत उभा असतो. कॅमेरा कुठे ठेवायचा ते याच ओळीने ठरलं. दिग्दर्शकाने इथे आणखी काही करायची गरज नाही.

सापडलेली प्रत्येक वस्तू वेगळी बांधायची, तिच्यावर पंचांच्या सह्यांचं लेबल, वर लाखेचं सील. गोष्ट जुलै २०२४ नंतरची असेल तर जप्तीचं चित्रीकरणही करावं लागतं आणि ते मोबाइलवर होतं. एक शिपाई फोन धरून उभा आहे आणि त्याच्या मागे गावातली दहा पोरंही फोन धरून उभी आहेत, हे चित्र आजचं आहे.

संवादात एक जपा. पंचनाम्याची भाषा ठरीव असते: 'आज रोजी आम्हां पंचांना पोलिसांनी बोलावून कळविले की', 'सदर ठिकाणी', 'मिळून आले'. ती तशीच ठेवा. सोपी केलीत की प्रसंगाचा जोर गेला. गावातली म्हातारी ती ऐकत असते आणि तिला त्यातला फक्त 'बांगड्या' हा शब्द कळतो.

प्रश्न : गावाच्या पिण्याच्या विहिरीत मृतदेह दोन वर्षं पडून होता आणि कोणालाच कळलं नाही, असा माझा पाया आहे. चालेल? (पैठण)

पिण्याच्या विहिरीत चालणार नाही. पाण्यात पडलेला मृतदेह आधी बुडतो, मग पोटात वायू तयार होऊन वर येतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात एक-दोन दिवसांत, थंडीत त्याहून उशिरा. वजन बांधून सोडला तरी पाण्याला वास येतो आणि रोज घागर भरणाऱ्या बायकांना तो पहिल्या आठवड्यातच येईल.

म्हणून विहीर वापरात नसलेली घ्या. मालकाची दोन वर्षं बंद पडलेली विहीर, मोटार काढून नेलेली, काठावर बाभळी वाढलेल्या. पाऊस कमी झाला, टंचाई जाहीर झाली, आणि प्रशासनाने खासगी विहीर गावासाठी अधिग्रहित केली. हे मराठवाड्यात आणि माणदेशात खरोखर होतं. अधिग्रहण झालं म्हणून गाळ काढायचा, गाळ काढला म्हणून हाडं सापडली. मालकाने आधी अधिग्रहणाला विरोध केला होता का? केला असेल तर आता सगळे त्याच्याकडे बघणार, खरं तर त्याला मोबदला कमी वाटला म्हणून तो नाही म्हणाला असला तरी.

यातून तुम्हाला एक घट्ट पेच मिळतो. गावाला पाणी हवंच आहे. टँकर दोन दिवसांआड येतोय. पोलिसांचं काम संपल्यावर या विहिरीचं पाणी प्यायचं का?

ग्रामपंचायत काय करते ते नेमकं दाखवा. आधी विहीर पूर्ण उपसतात. नवा झरा भरू देतात. मग जलसुरक्षक टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकतो. हिशोब असा: व्यास ८ मीटर, पाणी ३ मीटर, म्हणजे पाणी साधारण दीड लाख लिटर. चांगल्या प्रतीची पावडर हजार लिटरला २.५ ग्रॅम, म्हणजे सुमारे ३७५ ग्रॅम. पावडर कोरडी टाकायची नाही. बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन विहिरीत सोडायचं. तासाभराने ओटी चाचणी: नळीत पाणी, त्यात ओटी द्रावणाचे थेंब, पिवळा रंग आला की क्लोरीन उतरलं. उघडी राहिलेली जुनी पावडर घेतली तर रंग येत नाही, कारण तिच्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो.

हातात धरलेली ती पिवळी नळी आणि भोवती हंडे घेऊन उभ्या बायका. पाणी शुद्ध आहे हे सिद्ध झालेलं आहे, तरी पहिला हंडा कोणी भरायचा? विहीर म्हटली की कोणी आधी भरायचं हा प्रश्न महाराष्ट्रात कधीच साधा नव्हता; महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा. तुमच्या गावात ज्यांना एरवी शेवटी भरू देतात, त्यांना आज पहिल्यांदा पुढे व्हायला सांगितलं जातं का, याचा विचार करा.

प्रश्न : दीड हजार वस्तीच्या गावात बाई नाहीशी होते आणि तक्रार होत नाही, हे पटेल का? (केज)

तुमच्याच भागात त्याचं उत्तर आहे. ऊसतोडीला जाणारी जोडपी दिवाळीच्या आगेमागे निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परततात. मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. गावाला वाटतं बाई कारखान्यावर आहे, टोळीला वाटतं ती गावी राहिली. नवऱ्याने दोन्हीकडे दोन वेगळी कारणं सांगितली की पाच महिने कोणी विचारत नाही. माहेर लांबचं, फोन नवऱ्याकडे.

पण लक्षात घ्या, मुकादमाला कळतंच. कोयता अर्धा झाला की उचल फिटत नाही. वहीत तिच्या नावापुढे काय लिहिलंय हा तुमचा खरा पुरावा. त्या वहीची दोन पानं कलाविभागाकडून नीट लिहून घ्या, अक्षर एकाच हाताचं, शाई वेगवेगळ्या दिवसांची.

आणि नवराच दोषी असं गृहीत धरून लिहू नका. कोणाकोणाला ती नाही हे माहीत होतं, याची बारा पात्रांची यादी करा. प्रत्येकापुढे तीन रकाने: काय माहीत आहे, काय समजतो, काय लपवतो. ज्या पात्राचे तिन्ही रकाने रिकामे राहतात ते पटकथेतून काढा.

प्रश्न : सांगाडा कसा करायचा? आम्ही प्लास्टिकचा आणला, पण पडद्यावर शाळेच्या प्रयोगशाळेतला दिसतो. (मिरज)

तो प्रयोगशाळेतलाच असतो, म्हणून तसा दिसतो. खरी मानवी हाडं कुठून मिळवू नका, कोणी देऊ केली तरी. प्लास्टिकचाच वापरा, पण त्याच्या खुणा मिटवा.

सगळ्यांत आधी तो पूर्ण सुटा करा. तारा, स्क्रू, जबड्याच्या स्प्रिंगा काढा. गाळात सांगाडा जोडलेला राहत नाही. सांधे सुटतात आणि हाडं विखुरतात. अभ्यासाच्या कवटीला वरचं झाकण निघावं म्हणून आडवा काप असतो, बाजूला आकडे असतात. कॅमेऱ्याला तो काप लगेच दिसतो. एम-सीलने भरा, वाळल्यावर घासा. स्क्रूची भोकंही तशीच बुजवा.

रंगाचं काम इथे फसतं: लोक चहाच्या पाण्यात भिजवतात. खऱ्या हाडावर किंवा कापडावर चहा चढतो, गुळगुळीत प्लास्टिकवर तो दिवसभरात पुसला जातो. आधी २२० नंबरच्या पॉलिश पेपरने सगळा पृष्ठभाग खरवडा. मग अ‍ॅक्रिलिकचे पातळ हात द्या, तपकिरी आणि पिवळी माती या रंगांचे, आणि प्रत्येक हात ओला असतानाच फडक्याने पुसा, म्हणजे रंग फक्त खाचांत राहतो. तीन-चार हात पुरतात. शेवटी त्याच विहिरीचा गाळ. दुसरीकडची माती आणली तर रंग जुळत नाही आणि ते मोठ्या पडद्यावर कळतं. वरून चकाकी येत असेल तर मॅट वार्निश.

हाडांपेक्षा सोबतच्या वस्तूंवर जास्त मेहनत घ्या. गाळात काय टिकतं, काय नाही, याला नियम आहे. सुती कापड कुजून जातं. पॉलिएस्टरची साडी टिकते आणि धुतली की रंगही दिसतो. सुती परकर गेलेला असतो, पण त्याची शिवण पॉलिएस्टरच्या दोऱ्याची असेल तर नुसता दोरा शिवणीच्या वळणांसकट उरतो. काचेच्या बांगड्या, प्लास्टिकची चप्पल, मंगळसूत्राचे मणी राहतात. चांदीची जोडवी गाळातल्या गंधकामुळे काळी पडतात. तशी काळी करायला सोपा उपाय: उकडलेलं अंडं कुस्करून, जोडव्यांसह बंद डब्यात काही तास ठेवा. पांढऱ्या धातूची नकली जोडवी घेतलीत तर हा रंग येणार नाही, तेवढी चांदी विकतच घ्या.

आणि सांगाडा कमीत कमी दाखवा. आमचं मत असं की पूर्ण सांगाडा एकदाही दिसू नये. परडीतल्या गाळात एक काळं जोडवं आणि ते ओळखणाऱ्या बाईचा चेहरा, एवढं पुरतं. ती बाई काही बोलत नाही, हा पुढच्या तासाभराचा विषय.

एक इशारा. नकली हाडं गावात नेण्याआधी पोलीस पाटलाला आणि ठाण्याला लेखी कळवा, रोज संध्याकाळी कुलपात ठेवा. नाहीतर कोणीतरी दहा सेकंदांचं चित्रीकरण फोनवरून पुढे पाठवतं आणि रात्री पोलिसांची खरी गाडी येते.

प्रश्न : विहिरीच्या तळाशी उजेड पुरत नाही. मोठे दिवे परवडत नाहीत. (वडूज)

सूर्य फुकट आहे, पण वेळ पाळतो. मे महिन्यात महाराष्ट्रात सूर्य बरोबर डोक्यावर येतो: कोल्हापूरला ६-७ मेच्या सुमारास, पुण्याला १३-१४ मे, नागपूरला २६ मेच्या आसपास. पुणे-साताऱ्याकडे त्या दिवसांत माध्यान्ह १२ वाजता नसतो, १२:३० च्या सुमारास असतो. विहीर ८ मीटर रुंद, १२ मीटर खोल धरली, तर तळाच्या मध्यावर ऊन साधारण सव्वाअकरा ते पावणेदोन असतं. तळाची दृश्यं याच अडीच तासांत लावा. वरच्या माणसांची दृश्यं मात्र तेव्हा घेऊ नका, डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. ती सकाळी १० च्या आत आणि दुपारी ४ नंतर.

सकाळी तळ हवाच असेल तर काठावर चार बाय चार फुटांचा साधा आरसा धरा आणि खाली थर्माकोलचा पत्रा ठेवून त्यावर ऊन पाडा. आरसा धरणाऱ्याला दर पाच-सात मिनिटांनी कोन बदलावा लागतो, कारण सूर्य सरकतो.

आता महत्त्वाचं. बंद पडलेल्या विहिरीत माणूस उतरवण्याआधी हवा तपासा. कंदील खाली सोडून बघण्याने प्राणवायू आहे का एवढंच कळतं. गाळ ढवळल्यावर सुटणारा हायड्रोजन सल्फाइड कंदिलाला कळत नाही. त्याचा सडक्या अंड्याचा वास सुरुवातीला येतो, प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि माणसाला वाटतं वास गेला. चार वायू मोजणारं यंत्र भाड्याने मिळतं, प्राणवायू १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर कोणीही उतरायचं नाही. पेट्रोल किंवा डिझेलचा पंप विहिरीच्या आत कधीही लावू नका. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडने माणसं जातात, आणि वाचवायला उतरलेला दुसराही जातो.

आमचा सल्ला, खऱ्या तळाशी फक्त वरून कॅमेरा रोखा. जवळची दृश्यं १२ फूट व्यासाचा, ४ फूट खोल खड्डा खणून, कडेला तोच दगड लावून घ्या. पडद्यावर फरक दिसत नाही.

प्रश्न : रात्रीच्या दुकानातल्या दृश्यांत ट्यूबलाइट फडफडते. (दर्यापूर)

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. सेकंदाला २४ फ्रेमवर कॅमेऱ्याचं १८० अंशांचं शटर त्याच्याशी जुळत नाही. १७२.८ अंश ठेवा, म्हणजे शटर उघडं राहण्याचा वेळ एक सेकंदाचा पन्नासावा भाग होतो आणि फडफड थांबते. स्वस्त एलईडी पट्ट्या त्यानंतरही फडफडतात, त्या बदला. २५ फ्रेमवर चित्रित करून हा प्रश्न टाळू नका, चित्रपटगृहाची प्रत सहसा २४ वर लागते आणि मग ध्वनीचा सूरही खाली जातो.

प्रश्न : गर्दीच्या दृश्यात मुख्य पात्रांचे संवाद ऐकूच येत नाहीत. नंतर डबिंग करावं का? (चिपळूण)

गावातल्या माणसांकडून डबिंग करून घेऊ नका. नवख्या माणसाला स्टुडिओत तीच लय पुन्हा आणता येत नाही.

चित्रीकरणाच्या वेळी गर्दीने ओठ हलवायचे, आवाज काढायचा नाही. मुख्य पात्रं नेहमीच्या आवाजात बोलतील, मात्र गर्दीत बोलतो तसा आवाज थोडा चढा ठेवतील. बूम (काठीवरचा माईक) डोक्याच्या वर दीड फुटाच्या आत. दृश्य संपल्यावर त्याच माणसांना तिथेच थांबवून फक्त आवाज घ्या: एकदा कुजबूज, एकदा गलका, एकदा यारी थांबल्यावरची चुळबूळ. प्रत्येक दोन मिनिटं. स्त्रियांची आणि पुरुषांची कुजबूज वेगळी घ्या, नंतर हवी ती बाजू वर आणता येते. त्यांना खोटे शब्द देऊ नका. एखादा खराखुरा विषय द्या, पाण्याचा किंवा भावाचा. शेवटी एक मिनिट सगळ्यांनी गप्प उभं राहायचं, त्या जागेची नुसती हवा टिपायची. ध्वनिमुद्रण ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर.

गिरणी, मोटारी आणि देवळाचा भोंगा यांच्या वेळा आधीच लिहून घ्या. शेतीची वीज कोणत्या आठवड्यात दिवसा आणि कोणत्या आठवड्यात रात्री असते ते विचारा. दिवसपाळी असेल तर सगळ्या शिवारात मोटारी चालू असतात आणि तो घरघराट कोणत्याही यंत्राने पुसला जात नाही.

प्रश्न : कथा खऱ्या घटनेवर आहे. नावं बदलली की झालं ना? (वणी)

लहान गावाच्या बाबतीत नाही. गाव, साल, विहीर, घराची दिशा आणि जात तशीच ठेवली तर तालुक्यातला प्रत्येक माणूस ओळखतो.

लैंगिक अत्याचाराचा भाग असेल तर प्रश्न शिष्टाचाराचा राहत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे पीडितेची ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करणं गुन्हा आहे, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. ती हयात नसली तरी. बालक असेल तर पॉक्सोचं कलम २३ आहे. मृत व्यक्तीबद्दल तिच्या घरच्यांना दुखावेल असा आरोप केला तर कलम ३५६ खाली अब्रुनुकसानी होऊ शकते. 'सर्व पात्रं काल्पनिक' ही पाटी यातून सोडवत नाही.

करायचं ते असं: निकाल लागलेला असेल तर निकालपत्र वाचा, त्यातून कार्यपद्धती आणि काळाचा क्रम घ्या. माणसं, जागा, नाती, व्यवसाय आणि घटनेचं कारण बदला. कोरडवाहू भागातली घटना असेल तर खाडीकाठी न्या आणि मग तिथलं सगळं नव्याने शोधा. घरच्या लोकांना भेटायचं असेल तर लिहिण्याआधी भेटा, आणि ते नको म्हणाले तर ते मान्य करा. त्यांच्या दुःखावर आपला हक्क नाही.

प्रश्न : हाडं बघणारा मुलगा १० वर्षांचा आहे, आणि त्याचा कुत्रा. परवानग्या? (अकोले)

मुलासाठी जिथे चित्रीकरण आहे त्या जिल्ह्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी. दिवसाला ५ तासांहून जास्त नाही, विश्रांतीशिवाय सलग ३ तासांहून जास्त नाही, सलग २७ दिवसांहून जास्त नाही. मानधनातले किमान २० टक्के त्याच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव. जास्तीत जास्त पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस. याशिवाय आमच्याकडून: त्याला हाडं समोर दाखवू नका. खड्ड्यात काहीच नसताना त्याचा चेहरा टिपा आणि काय बघायचं आहे ते आई-बापासमोर सांगा.

कुत्र्यासाठी भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाची परवानगी, तीही चित्रीकरणाआधी. मंडळाचं कार्यालय हरियाणात बल्लभगडला आहे. बैलजोडीलाही तेच लागू. नंतर मिळवू म्हणून सोडलं तर सेन्सॉरच्या टेबलावर अडकतं आणि प्राण्याची दृश्यं कापावी लागतात.

प्रश्न : गावकऱ्यांना किती पैसे द्यायचे? बरेच जण "आवड म्हणून करतो" म्हणतात. (आटपाडी)

आवड असली तरी पैसे द्या. त्या दिवशी तिथे शेतमजुरीचा जो दर आहे त्याच्या खाली नको, बाई आणि पुरुष सारखेच, त्याच संध्याकाळी. जेवण हे मजुरीत धरू नका. विहिरीच्या मालकाशी लेखी करार करा: किती दिवस, भाडं किती, पीक तुडवलं तर भरपाई कशी, गाळ परत कुठे टाकायचा. ग्रामपंचायतीचं पत्र वेगळं घ्या.

भूमिका देण्याआधी प्रत्येक घरी कथा सांगा. ज्या घरात कोणी विहिरीत गेलेलं असेल, आणि बहुतेक गावांत असं एक घर असतं, तिथल्या माणसाला काठावर उभं राहायला लावू नका. तो स्वतःहून काही सांगणार नाही. पोलीस पाटील किंवा अंगणवाडी सेविका सांगेल. त्यांना पहिल्याच आठवड्यात भेटा.

प्रश्न : प्रमाणपत्र कोणतं मिळेल? 'अ' (फक्त प्रौढांसाठी) मिळालं तर संपलं का? (सावंतवाडी)

२०२४ च्या नियमांपासून यूए (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायचं) प्रमाणपत्राचे तीन भाग झाले आहेत: ७ वर्षांवरील, १३ वर्षांवरील, १६ वर्षांवरील. हाडं दुरून किंवा अर्धवट दिसत असतील आणि हिंसा पडद्याबाहेर असेल तर यूए १३ किंवा १६ मागायला जागा आहे. सांगाडा जवळून, छळाचं वर्णन सविस्तर असेल तर 'अ' कडे झुकेल आणि मग तीच प्रत दूरचित्रवाणीवर दाखवता येत नाही. अर्ज ई-सिनेप्रमाण या संकेतस्थळावर होतो. बिडी, तंबाखू, दारूची दृश्यं असतील तर इशाऱ्याच्या ओळी आधीच बसवा.

महोत्सवांकडे पाठवायचं असेल तर प्रमाणपत्राची घाई नको, आधी गोव्याच्या फिल्म बाजारासारख्या ठिकाणी कच्चं संकलन दाखवा. तिथे नोव्हेंबरमध्ये जायचं तर मेमध्ये चित्रीकरण, जून-जुलैत संकलन हा हिशोब जमतो, पण प्रवेशिकांची मुदत काही महिने आधी संपते. तारीख आजच बघून ठेवा आणि संकलकाला ती चित्रीकरणाच्या पहिल्या दिवशी सांगा.